मोकाट जनावरांचा सामाईक भार

भटकी कुत्री आणि मोकाट गुरे यांचा उपद्रव हा गोव्यातील ग्रामसभांतून वर्षानुवर्षे चर्चिला जाणारा विषय आहे. रात्रीच्या काळोखात रस्त्यावर बसलेल्या गुरावर दुचाकी आदळते, शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलाला कुत्रा चावतो. चार दिवस संताप व्यक्त होतो आणि मग जबाबदारी कोणाची, या प्रश्नापाशी सारे अडते. पंचायत सरकारी खात्याकडे बोट दाखविते, खाते पंचायतीकडे. आणि ‘जनावरे शेजारच्या गावातून येतात’ हे उत्तर तर सर्वांच्याच हाताशी असते.

वस्तुतः कायद्याने संदिग्धता फारशी ठेवलेली नाही. कोंडवाड्यांचा विषय राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांमध्ये नमूद आहे. 2023 च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करविण्याचा भार स्थानिक संस्थांवर टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे सांगितले. तर 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा जागांतील कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि महामार्गांवरील मोकाट गुरे हटवावीत, असे बजावले. कर्तव्य ठरले आहे. ते पार पाडण्याचे सामर्थ्य कोठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे.

गोव्यात 191 ग्रामपंचायती आणि 14 नागरी संस्था आहेत. निर्बीजीकरणासाठी शस्त्रक्रियागृह लागते, पशुवैद्य लागतो, कुत्री पकडणारी प्रशिक्षित माणसे, वाहन आणि शस्त्रक्रियेनंतर जनावर ठेवण्यास पिंजरे लागतात. घरपट्टीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या सत्तरी वा काणकोणातील पंचायतीने हे सारे एकटीने उभारावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. आणि किनाऱ्यावरील एखाद्या सधन पंचायतीने ते उभारले, तरी शेजारच्या गावाने काहीच न केल्यास तिकडची कुत्री इकडे येणारच. एकाने केलेला खर्च दुसऱ्याच्या उदासीनतेने वाया जातो.

याउलट काय साधता येते, हे याच भूमीने दाखवून दिले आहे. राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी संपूर्ण गोवा हे एकच क्षेत्र मानून कुत्र्यांचे लसीकरण केले. परिणामी 2013 ते 2019 या काळात कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना 92 टक्क्यांनी घटल्या आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. लसीकरण पंचायतीच्या वेशीपाशी थांबले असते, तर हे यश पदरी पडले नसते.

आमच्या पूर्वजांना हा विचार नवा नव्हता. खाजन शेतीचा बांध एका ठिकाणी फुटला, तर खारे पाणी कोणाची हद्द विचारीत नाही. म्हणूनच बांध आणि मानस यांची निगा गावकरीने आणि शेतकऱ्यांनी सामाईकपणे राखली. आज त्या व्यवस्थेची पडझड झाली असली, तरी तिच्यामागील शहाणपण जुने झालेले नाही.

तेव्हा आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक तालुक्यातील पंचायती व पालिका यांनी लेखी करार करून एक निर्बीजीकरण केंद्र, एक गुरांचा निवारा आणि एक वाहन सामाईक ठेवावे. जागा व पशुवैद्य सरकारने द्यावेत. उरलेला खर्च केवळ लोकसंख्येवर न ठरविता प्रत्येक संस्थेचे उत्पन्न पाहून वाटावा. म्हणजे पर्यटनावर संपन्न झालेल्या गावाने अधिक आणि डोंगराकडच्या गावाने कमी द्यावे. जे मालक दूध काढून गाय रस्त्यावर सोडतात, त्यांच्याकडून दंड वसूल करून तो याच निधीत जमा करावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. म्हणूनच भार सामाईक असला, तरी उत्तरदायी व्यक्ती एकच असावी. तालुक्यासाठी एक अधिकारी नेमलेला असावा, नागरिकांना दूरध्वनीचा एकच क्रमांक ठाऊक असावा आणि किती जनावरे पकडली, किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी प्रत्येक ग्रामसभेपुढे यावा. ज्या पंचायतीने आपला वाटा थकविला, तिचे नावही त्याच हिशेबात वाचले जावे.

मुक्या जनावरांचा यात काही दोष नाही. त्यांना मोकाट केले ते माणसाने, आणि त्यांचा बंदोबस्त करावयाचा तोही माणसानेच. पंचायतींच्या आगामी अंदाजपत्रकांत या कामासाठी एखादी रक्कम दिसते का, यावरून आमच्या लोकप्रतिनिधींची कळकळ किती खरी आहे, हे लोकांना समजून येईल.