गृहिणीची धाप आणि हृदयाचा स्नायु

'वय झालें, आतां धाप लागायचीच', 'अशक्तपणा आहे, दुसरें काय?' हीं वाक्यें आपल्या घराघरांतून स्त्रियांच्या बाबतींत किती सहज उच्चारलीं जातात! पुष्कळदां तीं खरींही असतात. परंतु कांहीं वेळां त्या धापेच्या मुळाशीं हृदयाच्या स्नायूचा विकार असतो, आणि तो ओळखण्यांतील विलंब त्या माउलीस भोंवतो. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

या विकारास पाश्चात्त्य वैद्यकांत 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. आपण त्यास 'हृत्स्नायुवृद्धि' म्हणूं. १९५८ सालीं लंडनचे डॉ. डोनाल्ड टिअर यांनीं त्याचें आधुनिक वर्णन केलें. रक्तदाब वाढला नसतां किंवा झडप बिघडली नसतांही हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत, विशेषतः मधला पडदा, जाड होतो. मग हृदय पुरेसें सैल पडत नाहीं, त्यांत रक्त नीट भरत नाहीं, व पुष्कळ रुग्णांत रक्त बाहेर पडण्याची वाटही अरुंद होते. सुमारें ५०० माणसांत एकास हा विकार असतो.

तो बहुधा आनुवंशिक आहे. आईबापांपैकीं एकाकडे दोष असल्यास प्रत्येक अपत्याकडे तो येण्याचा संभव निम्मा. त्यांत मुलगा-मुलगी असा भेद निसर्ग करीत नाहीं. असें असतां निदान झालेल्यांत मात्र पुरुषच अधिक आढळतात. मग उरलेल्या स्त्रिया गेल्या कोठें?

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं १९७५ ते २०१२ या काळांतील ३,६७३ रुग्णांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध केला. प्रथम भेटीच्या वेळीं स्त्रियांचें सरासरी वय ५९, तर पुरुषांचें ५२ होतें. स्त्रियांत लक्षणें अधिक तीव्र होतीं. आणि वय वगैरे गोष्टी जमेस धरूनही त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण थोडें अधिकच भरलें.

याचीं कारणें अनेक आहेत. पुरुषांत हा विकार पुष्कळदां नेहमींच्या वैद्यकीय तपासणींतच अकस्मात् सांपडतो. स्त्री मात्र त्रास असह्य झाल्यावर वैद्याकडे जाते. दुसरें असें कीं, भिंतीची जाडी १५ मिलिमीटर झाली म्हणजे विकार समजावा, हें माप स्त्रीपुरुषांस एकच लावलें जातें. स्त्रीचें हृदय मुळांतच लहान. तेव्हां तिची १३-१४ मिलिमीटरची भिंतही प्रमाणानें जाडच ठरूं शकते. शरीररचनेंतील इतर भेदही असतील. सारा दोष विलंबाचाच, असें म्हणणें रास्त होणार नाहीं.

परंतु विलंब टाळणें आपल्या हातीं आहे, आणि उपचार उपलब्ध आहेत. प्रथम बीटा-ब्लॉकरसारखीं औषधें देतात. वाट अरुंद असून औषधांनीं भागलें नाहीं, तर पडद्याचा वाढलेला भाग शस्त्रक्रियेनें काढतां येतो. स्त्रिया या शस्त्रक्रियेस पुरुषांहून उशिरां, अधिक थकलेल्या स्थितींत येतात. तरी त्यांनाही तिनें चांगला आराम पडतो. मॅव्हाकॅम्टेन या नव्या औषधास अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली. गर्भास अपाय होण्याचा धोका असल्यामुळें तें गरोदरपणीं वर्ज्य आहे.

तेव्हां सुज्ञ वाचकांस इतकीच विनंति. घरांतील स्त्रीला जिना चढतां धाप लागूं लागली, छातींत दुखूं वा धडधडूं लागलें, श्रम करतांना घेरी आली, तर 'अशक्तपणा' म्हणून स्वस्थ बसूं नये. वैद्याकडून हृदय तपासवून घ्यावें व त्याच्या सल्ल्यानें टू-डी एको करावा. कुळांत कोणी तरुणपणीं एकाएकीं दगावलें असल्यास तें वैद्यास अवश्य सांगावें. आणि एकास हा विकार निघाला, तर आईबाप, भावंडें व मुलें या सर्वांची तपासणी व्हावी. त्यांत लेकींना वगळूं नये, मग त्या सासरीं कां असेनात.