मंडळीची वही

नृसिंहवाडीला संगमावर दत्तदर्शन घ्यायचं आणि दुखणं हटत नसेल तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल गाठायचं, ही आमच्या शिरोळ तालुक्याची जुनी रीत. त्या दवाखान्याच्या पाठीशी असलेली प्रेसबिटेरियन ख्रिस्ती मंडळी मात्र आम्ही कधी नीट ओळखून घेतली नाही.

तिचं मूळ कोल्हापुरात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या डिसेंबरात, आधी अहमदनगरला काम करून, तिथे आले. शाळा चालवायच्या की नुसता उपदेश करायचा, या वादात त्यांचं आपल्या मिशन बोर्डाशी बिनसलं. वाइल्डर शाळांच्या बाजूचे. काही वर्षं त्यांनी काम स्वतःच्या बळावर रेटलं आणि १८७० मध्ये ते प्रेसबिटेरियन मिशनकडे सोपवलं. त्यांच्या शाळांतून तीन हजारांवर मुलं शिकली, त्यांत तीनशे मुली होत्या. त्या काळी तीनशे मुली म्हणजे थोडं नव्हे! याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले. पाच वर्षांनी पटवर्धन संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर मिरजेचं हॉस्पिटल उघडलं.

मला अप्रूप वाटतं ते मंडळीच्या कारभाराचं. प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. मंडळी आपल्यातलेच ‘वडील’ निवडते. पाळक आणि वडील मिळून सेशन भरतं. बाप्तिस्मा कुणाला द्यायचा, प्रभुभोजनाला कुणाला घ्यायचं, कुणाला समज द्यायची, हे तिथे ठरतं आणि वहीत उतरतं. ज्या मुलखात पाटीलकी-कुलकर्णीपण वारशानं चालत होतं, तिथे गावच्या पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या माणसानं मंडळीत बसून आपला वडील निवडावा, ही या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना आहे. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात या प्रेसबिटेरियन मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च सामील झालं आणि बिशपपद आलं.

कारभाराइतकाच आपल्याकडच्या मंडळ्यांत हंगामाचा सण पाहण्यासारखा असतो. शाळूची कणसं, हरभऱ्याचे ढाळे, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढे मांडतात. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं होतात. मग लिलाव. बोली जिंकलेला माणूस भोपळा परत दानात देतो, की त्याच भोपळ्यावर पुन्हा बोली सुरू. पैसा मंडळीच्या खात्यात जातो.

वाइल्डर यांचं नाव कोल्हापूरच्या चर्चला आहे, वॉनलेस यांचं मिरजेजवळच्या वॉनलेसवाडीला. पहिल्या मराठी वडिलांची नावं शोधायची तर सेशनच्या वह्या आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं उघडावी लागतात. आमच्या भागानं २००५ चा महापूर पाहिला, २०१९ चाही पाहिला; घरात पाणी शिरलं की कागद आधी जातात. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत अशी एखादी वही, दाखला किंवा मंडळीचा जुना फोटो असेल, तर आजच माळ्यावरून काढा, पानापानाचे फोटो घ्या आणि एक प्रत मंडळीच्या पाळकांकडे द्या.