थोडं टोचेल

"दुखेल का?" आईच्या मांडीवर बसलेली पाचेक वर्षांची मुलगी विचारते.

"नाही गं, काहीच होत नाही," आई घाईघाईने सांगते.

सिस्टर मान हलवतात. "थोडं टोचेल. मुंगी चावते तेवढं. मग खाजेल, आणि खाजवायचं नाही, ते जास्त अवघड आहे. कुठल्या हातावर करू या?"

मुलगी दोन्ही हातांकडे बघते आणि डावा पुढे करते. उजवा तिला चित्र रंगवायला हवाय.

पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली ही ॲलर्जी तपासणीची खोली. बाहेर श्रावणातली सर येऊन जाते. मी भाच्याबरोबर आलोय. त्याची तपासणी निराळी, जवळजवळ दिवसभराची. म्हणून इकडे बघायला मला सवड आहे.

सिस्टर मुलीच्या हातावर पेनाने आकडे लिहितात आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब सोडतात. धुळीतले माइट्स, झुरळ, बुरशी, मांजर, गवताचे पराग. दोन थेंब मात्र परीक्षेचीच परीक्षा घेणारे. हिस्टमिनच्या थेंबाखाली गांध उठलीच पाहिजे, मिठाच्या पाण्याखाली उठता कामा नये. हिस्टमिनलाही काही उठलं नाही, तर समजायचं की सर्दीचं औषध अजून अंगात आहे. म्हणून ते आठवडाभर आधीच थांबवलंय.

मुलीच्या हातात साबणाच्या फुग्यांची डबी येते. ती फुंकर मारते, सिस्टर प्लास्टिकची छोटी लान्सेट थेंबातून कातडीवर दाबतात. टोक जेमतेम एक मिलिमीटरचं. पुन्हा फुंकर, पुन्हा टोचणी, दर वेळी नवी लान्सेट. रक्त येत नाही. तिला कुणी आडवं पाडलेलं नाही, हातपाय धरलेले नाहीत. आईची कूस पाठीशी आहे आणि आपल्या हातावर काय चाललंय ते तिला दिसतंय. चौथ्या टोचणीला ती "आई गं!" म्हणते, आणि सिस्टर थांबतात. "पुढचं करू?" मुलगी नाक ओढते, मान डोलावते.

आता पंधरा मिनिटं थांबायचं. टेबलावरचं घड्याळ टिकटिकतंय. खाज सुटते, सगळ्यात जास्त हिस्टमिनच्या जागी. "फुंकर घाल," सिस्टर सांगतात. आईही फुंकर घालते, आजीही.

पलीकडे भाच्याच्या ताटलीत मफिनचा चिमूटभर तुकडा मघाशीच आलाय. मफिन ताईने काल रात्री घरी भाजलाय, दवाखान्याने दिलेल्या मापाने, १८० अंशांवर अर्धा तास, अंडं घालून. दोन वर्षांचा असताना आमलेटचा घास खाल्ला आणि त्याच्या अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले. तेव्हापासून अंडं बंद. पण अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना पिठात मिसळून नीट भाजलेलं अंडं सोसतं. उष्णतेने त्यातल्या काही प्रथिनांची घडण बदलते. याला ते सोसतं का, हे पक्कं कळायचा मार्ग एकच: डॉक्टरांच्या नजरेखाली खायला घालणं. तारीख आधीची होती, पण त्याला सर्दी झाली म्हणून पुढे ढकलली. आजारी मुलाची ही तपासणी करत नाहीत.

टेबलाच्या कडेला ट्रे आहे. त्यात ॲड्रेनलिनची कुपी, सिरिंज आणि एक कार्ड: वजन २० किलो, ०.२ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ट्रे झाकून ठेवलेला नाही. "हे कशाला?" भाच्याने आल्याआल्याच विचारलं होतं. "श्वासाला त्रास झाला तर लगेच द्यायला," असं सरळ उत्तर मिळालं. त्यावर त्याने आणखी एकच चौकशी केली: सुई केवढी आहे?

दर वीस मिनिटांनी जरा मोठा तुकडा. दर वेळी आधी नाडी, बोटाला ऑक्सिमीटर, पोट आणि पाठ उघडी करून पाहणं. तिसऱ्या तुकड्यानंतर ओठाखाली लाल ठिपका दिसतो. ताईचा चेहरा उतरतो. डॉक्टर येतात, छाती ऐकतात, त्याला जीभ काढायला लावतात. ठिपका एकटाच आहे. "तोंड पुसू, थांबू, बघू." थोड्या वेळाने तो फिकट होतो. पुढचा तुकडा येतो.

इकडे घड्याळ वाजतं. डॉक्टर पारदर्शक पट्टी मुलीच्या हाताला लावतात. मिठाच्या पाण्याजवळ काही नाही, हिस्टमिनजवळ गांध. माइट्सच्या आकड्याशेजारी चांगली सहा मिलिमीटरची. तीन किंवा त्याहून मोठी असली की धरायची.

"रोज सकाळी उठल्याउठल्या शिंका येतात ना? मग जुळतंय," डॉक्टर म्हणतात.

आजी पिशवीतून फाइल काढतात. दुसरीकडे केलेल्या रक्ततपासणीची पानंच्या पानं. "यात शेंगदाणेही आलेत. महिनाभर खिचडीत कूट घातलं नाही मी. श्रावणी सोमवारची साबुदाण्याची खिचडी, तीही बिनकुटाची!"

"आधी दाणे खाऊन काय व्हायचं?"

"काही नाही. वाटीभर खायची."

"मग बंद का केलं?"

"कागदावर आलं ना."

डॉक्टर फाइल मिटतात. रक्तात प्रतिपिंडं सापडली, एवढंच तो कागद सांगतो, त्या समजावतात. ती असूनही खाऊन काही न होणारी मुलं पुष्कळ असतात. उलट खाणं विनाकारण तोडण्यात धोका आहे. लंडनमधला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त जोखमीच्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाणे सुरू केले, तर पाचव्या वर्षी त्यांच्यात ही ॲलर्जी फार कमी आढळली. "आता खंड पडलाय, म्हणून पहिले दाणे इथे माझ्यासमोर खाऊ दे. मग घरी सुरू करा."

उपचाराचं बोलणं त्या मुलीशीच करतात. गादीला आणि उशीला माइट्स अडवणारी खोळ, चादरी कडक गरम पाण्यात धुवायच्या. नाकात रोज फवारा: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, बाटलीचं तोंड नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे. मुलगी आधी आरशासमोर रिकामी बाटली धरून करून बघते. एवढ्याने भागलं नाही तर जिभेखालचे थेंब, पण ते तीन वर्षं तरी चालतात. "कडू असतात?" "ठाऊक नाही, मी घेतलेले नाहीत," डॉक्टर म्हणतात.

दुपार उलटते. शेवटच्या तुकड्यानंतरचे दोन तास भाचा कॅरममध्ये घालवतो. शेवटची नाडी, शेवटची पाठ. भाजलेलं अंडं त्याला सोसलंय. असा केक नियमाने खायला द्यायचा. आमलेट, उकडलेलं अंडं, मेयोनीज अजून नाही. कुपी आणि सिरिंज घरी असू द्यायचीच.

ताई फोन लावते. "आई, केक चालतो गं त्याला!"

भाचा फोन ओढून घेतो. "आजी, कुठलाही नाही. अर्धा तास भाजलेला. आणि आमलेट बंदच आहे."