रंगमंच, चित्रपट व पुन्हां रंगमंच : एका वास्तूची कुळकथा

जुना लेख खरवडून त्याच पत्र्यावर नवा कोरलेले ताम्रपट संशोधकांस परिचित आहेत. पहिलीं अक्षरें तिरप्या उजेडांत कोठें कोठें दिसतात. जुन्या चित्रपटगृहांची गोष्ट अशीच असल्यामुळें तींही आमच्या अभ्यासाचा विषय होत, असें आम्ही समजतों.

मुंबईचें रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनीं तें संगीतनाट्यासाठीं उभारिलें. इ. स. १९११ मध्यें बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उद्घाटन झालें, तेव्हां बांधकाम अपुरेंच होतें. बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांचें गायन तेथें झालें. १९१७ पासून मधून मधून चित्रपट दाखवीत. १९३५ मध्यें तें पूर्णपणें चित्रपटगृह बनलें. १९५२ मध्यें गोंडलच्या महाराजांनीं तें विकत घेतलें. १९९३ मध्यें खेळ बंद पडले आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ कुलूप राहिलें. २०१६ मध्यें तें पुन्हां रंगमंच म्हणून उघडलें. जीर्णोद्धार आभा नारायण लांबा यांनीं केला. चित्रपटाच्या काळांत नाहींसे झालेले सज्जे जुन्या छायाचित्रांच्या आधारें पुन्हां उभे राहिले. अर्थात् कागद टिकला म्हणून वास्तूस पूर्वरूप आलें.

उलटपक्षीं, पुण्याचें आर्यन चित्रपटगृह १९१५ मध्यें निघालें व १९८३ मध्यें पाडलें गेलें. मंडईजवळ त्या जागीं वाहनतळ आहे. नांव तेवढें उरलें. गिरगांवांतील ज्या कॉरोनेशनमध्यें ३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, तेंही आज उभें नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांतील संग्राहकांस हें विशेषेंकरून सांगावयाचें. यशवंत खुशाल देशपांडे व शारदाश्रम यांनीं येथें पोथ्या जपण्याचा पायंडा घातला आहे. वणी, पुसद, दारव्हा येथील चित्रपटगृहांच्या कागदांसही तोच न्याय लावावा. नगरपालिकेचे परवाने, नकाशे, हस्तपत्रकें, तिकिटें, छायाचित्रें हीं सर्व साधनेंच होत. १ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक-कर वस्तु व सेवा करांत विलीन झाला. त्यामुळें जुन्या कर-वह्यांचें रोजचें काम संपलें आहे. निरुपयोगी झालेली वही प्रथम रद्दींत जाते, हें पोथ्यांच्या अनुभवावरून आपणांस ठाऊक आहेच. यास्तव असा कागद मिळतांच त्यावर स्थळ, तिथि व कोणाकडून मिळाला हें टिपावें; मग तो कोणत्या वास्तूच्या कोणत्या थराचा, हें ठरविणें पुढील अभ्यासकांस सुकर होईल.