बुडालेल्या कंपन्यांचा हिशोब आणि एक छोटा शेअर

6 मार्च 2020. लंडनच्या ‘एआयएम’ या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात त्या दिवशी एक नवी कंपनी दाखल झाली. नाव एफआरपी अ‍ॅडव्हायझरी, विक्रीचा भाव 80 पेन्स. धंदा असा की, ज्यांचं दिवाळं निघालं आहे किंवा निघायच्या बेतात आहे, अशा कंपन्यांचा कारभार हाती घ्यायचा, जे वाचेल ते वाचवायचं, उरलेलं विकून देणेकऱ्यांची देणी भागवायची आणि त्या कामाची फी घ्यायची. सतराव्या दिवशी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. दुकानं, पब, हॉटेलं एका रात्रीत ओस पडली. पंचांग पाहून काढलेला मुहूर्तही इतका नेमका साधला नसता, असंच गुंतवणूकदारांना वाटलं. एफआरपीचा भाव विक्रीच्या भावावर चढलाही.

दिवाळखोरीची लाट मात्र आली नाही. 2019 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये 17 हजारांहून अधिक कंपन्या बुडाल्या होत्या. अर्थव्यवस्था कोलमडलेल्या 2020 मध्ये हाच आकडा साडेबारा हजारांच्या आसपास उतरला.

याचं कारण सरकारच्या निर्णयांत होतं. घरी बसवलेल्या कामगारांचा 80 टक्के पगार सरकारने, ठरावीक मर्यादेपर्यंत, आपल्या तिजोरीतून दिला. ‘बाउन्स बॅक’ योजनेत छोट्या उद्योगांना 50 हजार पौंडांपर्यंतचं कर्ज मिळालं आणि त्याची शंभर टक्के हमी सरकारने घेतली. या योजनेतून सुमारे 47 अब्ज पौंड वाटले गेले. थकबाकीसाठी एखाद्या कंपनीला अवसायनात काढण्याचा, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकायला लावण्याचा, अर्ज करण्यावरही निर्बंध आले आणि ते टप्प्याटप्प्याने सैल होत 31 मार्च 2022 पर्यंत टिकले. ज्या कंपन्या एरवीही बुडाल्याच असत्या, त्यांनाही या काळात श्वास मिळाला.

‘मंदी आली की दिवाळखोरीचं काम करणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यावा’ हा सल्ला ऐकायला सरळ वाटतो. प्रत्यक्षात मंदी आणि दिवाळखोरी यांच्या मध्ये व्याजदर, कर खातं, बँका आणि सरकार असे चार दरवाजे असतात. ते कधी उघडतील हे मंदीवरून कळत नाही. या चार दरवाजांचा अनुभव सर्वाधिक काळ घेतलेली शेअर बाजारातली कंपनी म्हणजे बेगबीज ट्रेनर.

रिक ट्रेनर यांनी 1989 मध्ये मँचेस्टरमध्ये तिचा पाया घातला आणि 2004 मध्ये ती एआयएमवर नोंदवली गेली. चार वर्षांत जागतिक आर्थिक संकट आलं आणि कामाचा ओघ वाढला. पण 2009 चं शिखर ओसरल्यावर दिवाळखोऱ्या एकंदरीत घटत गेल्या. बँक ऑफ इंग्लंडने मार्च 2009 मध्ये व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि ऑगस्ट 2016 पर्यंत तो तिथेच ठेवला. कर खात्याने थकलेला कर हप्त्यांनी भरायची सवलत दिली. कशीबशी तग धरून असलेल्या कंपन्यांना नुसतं व्याज भरत जगणं शक्य झालं. संकट येईल म्हणून शेअर घेतलेल्यांना त्याच संकटावरच्या उपायांनी बरीच वर्षं तिष्ठत ठेवलं. बेगबीजचा लाभांश अनेक वर्षं 2.2 पेन्सवर थबकला होता. 2018 पासून तो दर वर्षी थोडा थोडा वाढत 2024 मध्ये 4 पेन्सवर पोचला.

या कंपनीला पैसा नेमका मिळतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या शेअरकडे वळू नये. ब्रिटनमध्ये हे काम परवानाधारक व्यक्तीच करू शकते. अशा परवानाधारकांची संख्या सारी मिळून दीड हजारांच्या आसपास आहे आणि नेमणूक कंपनीच्या नव्हे, व्यक्तीच्या नावाने होते. कंपनी वाचण्याची आशा असेल तर ही व्यक्ती प्रशासक म्हणून येते आणि देणेकऱ्यांचा तगादा कायद्याने थांबतो. आशा नसेल तर ती अवसायक म्हणून येते, मालमत्ता विकते आणि पैसा क्रमाने वाटते. ज्या बँकेकडे ठरावीक मालमत्ता तारण आहे, तिचा त्या मालमत्तेवर पहिला हक्क. त्यानंतर या प्रक्रियेचा खर्च आणि अवसायकाची फी. मग कामगारांचे थकलेले पगार आणि डिसेंबर 2020 पासून काही करांची थकबाकी. माल पुरवणारे साधे व्यापारी बरेच मागे आणि भागधारक सर्वांत शेवटी.

फीचा क्रम वरचा असला तरी ती बुडालेल्या कंपनीत जे सापडेल त्यातूनच निघायची असते. गोदामात माल नाही, खात्यात पैसा नाही, अशा प्रकरणात महिनोन्‌महिने राबूनही हातात थोडंच पडतं. शिवाय काम आज होतं, बिल नंतर निघतं आणि पैसा त्याहून नंतर येतो. म्हणून अशा कंपनीच्या ताळेबंदात ‘केलेलं पण बिल न झालेलं काम’ ही रक्कम मोठी असते. विक्रीपेक्षा ती वेगाने फुगत असेल, तर दाखवलेला नफा वसूल होईल का, ही शंका रास्त ठरते.

वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या प्रचंड दिवाळखोऱ्यांवरून छोट्या कंपनीच्या कमाईचा अंदाज बांधू नये. जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन ही बांधकाम क्षेत्रातली महाकाय कंपनी कोसळली. देणी सुमारे 7 अब्ज पौंडांची आणि हाती रोकड 2 कोटी 90 लाख पौंड. ते काम सरकारी अवसायकाकडे गेलं आणि त्याच्या मदतीला नेमणूक झाली पीडब्ल्यूसीसारख्या बलाढ्य संस्थेची. एफआरपीच्या वाट्याला एप्रिल 2020 मध्ये डेबेनहॅम्स ही 1778 पासूनची दुकानसाखळी आली हे खरं, पण अशी प्रकरणं विरळा. मे 2021 मध्ये डेबेनहॅम्सची शेवटची दुकानं बंद झाली आणि नाव त्याआधीच 5 कोटी 50 लाख पौंडांना ऑनलाइन कपडेविक्री करणाऱ्या बूहूने घेतलं. हजारो नोकऱ्या गेल्या. प्रशासकाला तिथे चमत्कार करता आला नाही. मात्र त्याच्या देखरेखीखाली दुकानं चालू राहिली नसती तर मालाचे भंगाराएवढेही पैसे आले नसते. इतरांच्या बुडण्यावर कमाई करणारा धंदा म्हणून याच्याकडे पाहणाऱ्याने ही बाजूही ध्यानात घ्यावी. जबाबदार माणूस मध्ये नसेल तर ज्याचा हात आधी पोचेल तो मालमत्ता घेऊन जातो आणि कामगार व छोटे पुरवठादार रिकाम्या हातांनी उभे राहतात.

दिवाळखोरीचं काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांची खरी रोजीरोटी वेगळीच आहे. 2023 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये 25,158 कंपन्यांचं दिवाळं निघालं, 1993 नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. त्यांपैकी 20,577 प्रकरणं अशी होती की, संचालकांनी ‘आता चालत नाही’ हे ओळखून स्वतःच गाशा गुंडाळायला घेतला होता. बांधकामाचे छोटे ठेकेदार, कोपऱ्यावरचं उपाहारगृह, दोन ट्रकांचा वाहतूकदार यांच्यासारख्यांची ही प्रकरणं. प्रत्येकात फी थोडी, पण संख्या मोठी. प्रशासक नेमण्याइतकी मोठी प्रकरणं त्या वर्षी 1,567 होती. तेव्हा एकूण आकडा मोठा असला तरी फायदा तितकाच मोठा असेल असं नाही. वाढ कोणत्या प्रकारच्या प्रकरणांत झाली, हे आधी पाहावं लागतं.

बेगबीज दर तिमाहीला ‘रेड फ्लॅग अलर्ट’ हा अहवाल काढते. त्यात आर्थिक ताणाखालच्या उद्योगांची मोजदाद असते आणि 2024 मध्ये ती पाच लाखांवर होती. बातम्यांचे मथळे याच आकड्यावर बेततात. त्या वर्षी प्रत्यक्ष दिवाळं निघालेल्या कंपन्या मात्र 24 हजारांच्या आत होत्या. ताणाखालचा उद्योग मालकाचं घर गहाण टाकतो, भावाकडून उसने आणतो, भाडं थकवतो आणि वर्षानुवर्षं चालू राहतो. मथळा वाचून शेअर घेणारा हे अंतर विसरतो.

आता नफ्याकडे वळू. 30 एप्रिल 2024 ला संपलेल्या वर्षात बेगबीजची विक्री 13 कोटी 67 लाख पौंड होती. कंपनीने ठळक अक्षरांत सांगितलेला ‘समायोजित’ करपूर्व नफा 2 कोटी 20 लाख पौंड आणि हिशोबाच्या नियमांनुसार आलेला करपूर्व नफा 58 लाख पौंड. शेअरचा भाव 100 पेन्स धरला तर सगळ्या कंपनीचं बाजारमूल्य सुमारे 16 कोटी पौंड होतं. म्हणजे पहिल्या नफ्याच्या जेमतेम सातपट आणि दुसऱ्या नफ्याच्या जवळजवळ अठ्ठावीसपट. त्याच शेअरला एक जण स्वस्त म्हणेल, दुसरा महाग, आणि दोघांच्याही हातात कंपनीचाच अहवाल असेल.

एवढी तफावत येते ती कंपनी ज्या रीतीने वाढली त्यातून. ती छोट्या व्यवसायसंस्था विकत घेते. 2014 मध्ये तिने स्थावर मालमत्तेचं मूल्यांकन आणि लिलाव करणारी एडिसन्स घेतली, जेणेकरून दिवाळखोरीची प्रकरणं आटली तरी दुसऱ्या अंगाने उत्पन्न येत राहावं. 2021 च्या सुरुवातीला, दिवाळखोऱ्या तळाला असताना, सीव्हीआर ग्लोबल आणि डेव्हिड रुबिन अँड पार्टनर्स घेतल्या. अशा व्यवसायात विकत घ्यायला यंत्रं किंवा जमीन नसते, माणसं आणि त्यांच्या ओळखी असतात. म्हणून विकणाऱ्या भागीदारांना काही रक्कम पुढच्या काही वर्षांत, कामावर टिकले तरच मिळते. हिशोबाचे नियम त्या रकमेला पगारासारखा खर्च मानतात. कंपनी समायोजित नफा काढताना तो बाजूला ठेवते.

एखादीच खरेदी असती तर तसं करणं मान्य करता आलं असतं. पण खरेदी हाच वाढीचा नेहमीचा मार्ग असेल, तर तिच्यावर जाणारा पैसाही नेहमीचाच खर्च समजायला हवा. सामान्य गुंतवणूकदाराने यासाठी रोख प्रवाहाचं पत्रक उघडावं. कामातून किती रोकड आली, त्यातली किती जुन्या खरेद्यांचे हप्ते फेडण्यात गेली आणि उरलेल्यात लाभांश बसतो का, एवढं तपासलं तरी बरंच चित्र स्पष्ट होतं. 2024 चा 4 पेन्सचा लाभांश द्यायला 60 लाखांहून अधिक पौंड लागतात, नियमांनुसार आलेल्या नफ्यापेक्षा जास्त.

याच क्षेत्रातलं तिसरं नाव मॅनोलेट पार्टनर्स. बुडालेल्या कंपनीचे संचालकांवर किंवा इतरांवर असलेले दावे ती विकत घेते किंवा त्यांच्या खटल्यांना पैसा पुरवते. डिसेंबर 2018 मध्ये 175 पेन्सला ती बाजारात आली आणि भाव झपाट्याने चढला. पण न संपलेल्या खटल्यांची आज किंमत किती हा अंदाजच असतो आणि हा अंदाज तिच्या उत्पन्नात धरला जायचा. महामारीत दिवाळखोऱ्या आटल्या, नवे दावे कमी झाले आणि पुढे भाव विक्रीच्या किमतीच्या बराच खाली आला. दिवाळखोरी या एकाच शब्दाखाली फी घेणारी कंपनी आणि खटल्यांवर पैसे लावणारी कंपनी शेजारी उभ्या असतात, पण त्यांतली जोखीम एक नाही.

एआयएमचीही स्वतःची तऱ्हा आहे. नियम मुख्य बाजारापेक्षा सैल, रोजचे व्यवहार कमी आणि खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर जास्त. घाईने विकायचं म्हटलं तर त्या अंतरातच लाभांशाचा मोठा भाग जाऊ शकतो. वारसा करातल्या सवलतीमुळे ब्रिटनमधली अनेक कुटुंबं असे शेअर बाळगून होती. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात एआयएमच्या शेअरवरची ही सवलत एप्रिल 2026 पासून निम्मी करण्याचं जाहीर झालं. कंपनीच्या कामात काहीही न बदलता मागणी घटवणारा हा निर्णय होता.

मुंबई-पुण्यातून असा शेअर घेणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, पण पौंड-रुपयाच्या भावाची जोखीम त्याच्याच माथी. भारतात 2016 च्या दिवाळखोरी संहितेनंतर दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा ‘रिझोल्यूशन प्रोफेशनल’ हा शब्द घरोघरी पोचला. मुंबईच्या जेट एअरवेजचं प्रकरण 2019 मध्ये न्यायाधिकरणापुढे गेलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं लांबू शकतात, हे तिथेही दिसलं.

ज्याला हा व्यवसाय खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी एक जागा फुकट उघडी आहे. 1665 पासून निघणाऱ्या ‘लंडन गॅझेट’मध्ये अवसायकांच्या नेमणुकांच्या सूचना छापल्या जातात आणि त्या इंटरनेटवर कुणालाही शोधता येतात. बुडालेल्या कंपनीचं नाव, तिचा धंदा, नेमणुकीची तारीख आणि अवसायक कोण व कोणत्या संस्थेचा, सगळं तिथे असतं. महिनाभर रोज पंधरा मिनिटं या सूचना वाचल्या तर कोणत्या संस्थेकडे किती आणि कोणत्या आकाराची प्रकरणं जात आहेत, हे सहा महिन्यांनी येणाऱ्या अहवालाआधीच दिसू लागतं. आणि त्या यादीत एखादा रंगारी, एखादी बेकरी, एखादं केशकर्तनालयही रोज भेटतं.