अर्ध्या वाटेवरून परतताना

सहल म्हटली की आमच्या घरात आंबोली, नाहीतर गोवा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मात्र यांनी घोषणा केली, ‘या वेळी हिमालय! पायी फिरायचं आणि तंबूत राहायचं.’ उत्तराखंडातलं ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यान ठरलं. बरोबर पासष्टीच्या सासूबाई, नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. महिनाभर दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढून आम्ही सराव केला.

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार. हरिद्वार ते गोविंदघाट हा सुमारे ३०० किलोमीटरचा घाटरस्ता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग अशी नावं एकामागून एक आली, तसे सासूबाईंचे हात जोडले जात होते. जोशीमठला मुक्काम करून गोविंदघाट आणि तिथून जीपने पुलना गाठलं. पुढे घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरचा चढ. जुनी वाट २०१३ च्या महापुरात ठिकठिकाणी वाहून गेली होती, ती नंतर पुन्हा बांधली. सासूबाईंसाठी खेचर केलं, बाकीचे पायी.

घांघरिया सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे. देवदारांच्या सावलीतलं हे छोटं गाव हिवाळ्यात बंदच असतं. तिथे भाड्याच्या दोन तंबूंत आमचा संसार मांडला. रात्रभर पाऊस कापडावर वाजत होता. मुलांना झोप नव्हती, ती आनंदाने. मला नव्हती, ती थंडीने!

सकाळी उद्यानाच्या चौकीवर मुलीने विचारलं, ‘काका, आम्ही आमचा तंबू आत फुलांत लावू का?’ वनरक्षक हसले. आत मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं. एक तंबू लागला की शंभर लागतात, मग चूल आली, कचरा आला आणि पायांखाली फुलं आली, असं त्यांनी तिला समजावलं. रात्री ही दरी कस्तुरीमृगांची आणि अस्वलांची, हेही सांगितलं. लेकीचं तोंड उतरलं, पण आत गेल्यावर तिला ते पटलं असावं. पायवाट सोडून ती कुठेही गेली नाही.

आणि काय दरी ती! सुमारे ८७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पुष्पावती नदी वाहते, वर हिमनद्या आणि दोन्ही बाजूंना फुलंच फुलं. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार या दरीत उतरले. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी दरीवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून तिचं नाव जगभर झालं. १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

सासूबाईंना मात्र वेगळाच शोध लागला. गुलाबी फुलांचा एक ताटवा पाहून त्या थांबल्या. ‘अगं, हा तर आपला तेरडा! गौरीचा!’ खरंच, तो तेरड्याच्याच कुळातला, फक्त पुरुषभर उंच. पुढे आपल्याकडच्या सापकांद्याचाही भाऊबंद भेटला. दरीतच जोन मार्गारेट लेग या इंग्रज अभ्यासक बाईंची समाधी आहे. १९३९ मध्ये फुलांचे नमुने गोळा करताना त्या कड्यावरून घसरून गेल्या. सासूबाईंनी खाली पडलेलं एक फूल तिथे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हेमकुंड. शिखांचं हे तीर्थ ४,३०० मीटरच्या आसपास, घांघरियाहून सहा किलोमीटरचा खडा चढ. तिथे ब्रह्मकमळ पाहायचं, हे यांचं वर्षभराचं स्वप्न. पहाटे निघालो. यांचा वेग असा, की जणू शर्यतच आहे. निम्म्या वाटेवर सासूबाईंनी खेचर थांबवायला लावलं. ‘याने रात्री जेवण टाकलं, सकाळी चहाही घेतला नाही. तोंड बघा त्याचं.’ मुलगा म्हणाला, ‘काही नाही, चला.’ आणि तिथेच त्याला उलटी झाली.

डोकं रात्रीपासून दुखत होतं. सांगितलं का नाही, म्हटल्यावर तो खाली बघत म्हणाला, ‘बाबा चिडले असते.’

हे एकदम गप्प झाले. उंचीवर हवा विरळ होते. हेमकुंडावर एका श्वासात समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही त्याची पहिली खूण. अशा वेळी वर जायचं नाही, त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. हे सगळं आम्ही वाचलेलं होतं. पण ‘आता थोडंच राहिलं’ हे शब्द वाचलेलं सगळं पुसून टाकतात.

मी म्हटलं, ‘अहो, तुम्ही आईंना घेऊन वर जा, मी याला उतरवते.’ सासूबाईंनीच मोडता घातला. ‘देव काय कुठे पळून जातो? सगळेच खाली जाऊ.’ यांनी मुलाची सॅक आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, ‘चूक माझी. पुढच्या वेळी दुखलं की आधी मला सांगायचं. मी चिडलो तरी सांगायचं.’ घांघरियात उतरल्यावरही डोकं राहिलंच, म्हणून त्याच दिवशी पुलन्याला आणि तिथून जोशीमठला आलो. रात्री पठ्ठ्याने तीन पोळ्या खाल्ल्या.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. उद्यान जून ते ऑक्टोबर उघडं असतं, फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. पावसाने रस्ते बंद पडतात, म्हणून दोन दिवस हाताशी जास्त ठेवा. त्यातला एक घांघरियात विश्रांतीसाठी द्या, आम्ही तो दिला नाही. आणि घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कोणाला काही लपवावं लागत नाही.

ब्रह्मकमळ राहिलं ते राहिलंच. पण त्या वर्षी गौरीला तेरडा आणला, तेव्हा लेक शेजारणीला सांगत होती, ‘हिमालयातला तेरडा माझ्यापेक्षा उंच असतो. पण तो तोडायचा नसतो.’ आणि मुलगा? त्याचं हल्ली डोकं दुखलं, की तो पहिल्यांदा बाबांकडे जातो.