शंभर आवाज आणि एक जखम

अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर शनिवारी रात्री साडेअकराला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम लागतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधून 1975 पासून तो थेट प्रक्षेपित होतो. चुकलं तर दुसरी संधी नाही. अशा कार्यक्रमात डॅरेल हॅमंड 1995 ते 2009 अशी 14 वर्षं उभे राहिले. बाहेर पडले तेव्हा त्यांच्या नावावर 107 व्यक्तींच्या नकला होत्या आणि तो तेव्हाचा विक्रम होता.

त्यांचे बिल क्लिंटन तर घरोघरी पोहोचले. दाताखाली दाबलेला ओठ, मुठीवरून पुढे आलेला अंगठा आणि किंचित घोगरा, लाघवी आवाज एवढ्यावर ते अख्खा राष्ट्राध्यक्ष उभा करत. 2000 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी उमेदवार अल गोर यांची रटाळ, लांबण लावणारी बोलण्याची ढब इतकी नेमकी उचलली, की पुढच्या वादविवादाआधी गोर यांच्या सल्लागारांनी त्यांना ते प्रहसन मुद्दाम दाखवलं. आपण लोकांना कसे दिसतो, हे नेत्याला नकलाकाराकडून कळलं.

हे यश उशिरा आलं. फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी 1955 मध्ये जन्मलेल्या हॅमंड यांची या कार्यक्रमासाठी निवड झाली, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. तोवर हॉटेलात वेटरचं काम, रेडिओसाठी आवाज देणं आणि रात्री क्लबमध्ये विनोदी कार्यक्रम करणं हेच आयुष्य होतं. कुणाचं बोलणं पुन्हापुन्हा ऐकून त्यातला श्वास, ठेका, चढउतार पकडायचा, हा त्यांचा रियाज.

हसणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यामागचं काहीच माहीत नव्हतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आणि त्या वेळच्या मुलाखतींत हॅमंड यांनी ते सांगितलं. दारू आणि कोकेन सुटत नव्हतं. कार्यक्रमाच्या काळातही ते स्वतःला इजा करून घेत. एकदा तर त्यांना कामाच्या ठिकाणाहून थेट मनोरुग्णालयात न्यावं लागलं. एका वेळी सात-सात औषधं चालू असत. कुणी डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणे, कुणी बायपोलर. निदानं बदलत गेली, त्रास तोच राहिला.

उलगडा झाला तो डॉ. नबील कोत्बी या मनोविकारतज्ज्ञांकडे. हा मुळातला आजार नाही, ही मनाला झालेली इजा आहे, असं त्यांनी सांगितलं. मग इजा केली कुणी? उत्तर बालपणात होतं. आपल्या आईनेच लहानपणी आपला अमानुष छळ केला, असं हॅमंड सांगतात. वडील युद्धावरून परतलेले सैनिक, तेही संतापी आणि दारूत बुडालेले. आईला मात्र आवाजांच्या नकलांचा शौक होता. आपण आवाज काढले की आई जरा निवळते, हे त्या पोराने हेरलं. जी कला पुढे देशाने डोक्यावर घेतली, ती घरात जीव सांभाळण्याची युक्ती होती.

भीतीच्या घरात वाढणारं मूल मोठ्यांच्या आवाजातला बारीक बदलही टिपायला शिकतं, कारण त्यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असते. शरीर कायम धोक्याच्या तयारीत राहतं. मोठेपणी धोका सरला तरी ही तयारी आपोआप उतरत नाही. दारू किंवा अमली पदार्थ ती काही तास उतरवतात, आणि तिथेच व्यसन मूळ धरतं. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांचा अभ्यास करून 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचं सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट आढळला. आघात झालेला प्रत्येकजण व्यसनी होतो, असा याचा अर्थ नाही. पण व्यसनाला नुसता चारित्र्याचा दोष मानणं चुकीचं आहे, हे यातून स्पष्ट होतं.

नेमकं निदान झाल्यानंतरही हॅमंड यांची वाट सरळ नव्हती. 2014 मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे निवेदक डॉन पार्डो यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी ते परतले. 2016 मध्ये मात्र वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असलेली डोनाल्ड ट्रम्प यांची भूमिका अभिनेते अॅलेक बाल्डविन यांना देण्यात आली. हा घाव खोल होता. तरी ते कामावर राहिले. त्यांच्यावरचा ‘क्रॅक्ड अप’ हा मिशेल एसरिक यांचा माहितीपट 2018 मध्ये आला आणि बालपणीच्या आघाताची चर्चा करण्यासाठी त्यांनी स्वतःचं आयुष्य उघडं केलं. 107 नकलांच्या विक्रमापेक्षा मला हे धैर्य मोठं वाटतं.

वेदनेतूनच कला जन्मते, असं आपण फार सहज बोलून जातो. हॅमंड यांना आवाज दिले ते तल्लख कानाने आणि मेहनतीने. छळाने त्यांची उमेदीची वर्षं खाल्ली. त्या मुलाच्या मदतीला वेळीच कुणी गेलं असतं, तर जगाचं काहीही बिघडलं नसतं.

म्हणून आपल्या घरात, नात्यात कुणी व्यसनात अडकलं असेल, तर ‘असा कसा रे तू?’ म्हणण्याआधी ‘तुझ्यावर काय गुदरलं?’ असं विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. त्याच्या जोडीला उपचार हवेतच. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेत 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही समुपदेशक भेटतात. शेजारच्या घरात एखादं मूल मार खात असेल, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लावून घेऊ नका. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.